झेललेल्या प्याल्यांचं वजन

गाउदेन्स्यो हे त्याचं बाप्तिस्म्याचं नाव चर्चमधले फादर सोडले तर कुणी उच्चारत नसे. सगळ्यांचा तो देन्स्यो, आणि दिवसातला बराचसा वेळ तो जमिनीवर नसायचाच. तायाबास गावाच्या वर, बानाहाव डोंगराच्या उतरणीवर एर्मिना मावशीची माडांची बाग आहे, तिथे माडी काढायचं काम त्याच्याकडे. एका माडावर चढायचं आणि मग खाली न उतरता, शेंड्याशेंड्यांमध्ये बांधलेल्या साकवांवरून पुढच्या माडावर जायचं. साकव म्हणजे दोनच बांबू, एक पायाखाली आणि एक हाताला. पोयीचं, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याचं, टोक कोयतीने पातळ छिलायचं, तिला लावलेल्या नळकांड्यात साचलेली माडी पाठीवरच्या मोठ्या नळ्यात ओतायची, की निघाला पुढे. सकाळी एक फेरी, दुपार कलल्यावर दुसरी. ही माडी खाली भट्टीवर जाते आणि तिची लांबानोग होते. दिसायला पाण्यासारखी नितळ, आणि घोट घेतला की कानातून वाफ काढणारी.

वर असताना देन्स्यो गायचा. आवाज फाटका, पण तो इतक्या उंचावरून यायचा की खालच्यांना बरा वाटे. वरून त्याला समुद्र दिसे, चर्चचा मनोरा दिसे, आणि कुणाच्या परसात कोणतं डुक्कर कुणाचा भाजीपाला खातंय हेही दिसे. एका शेजारणीने त्याच्या बायकोला, नोरिंगला, विचारलं होतं, "तुझ्या नवऱ्याला वर भीती नाही वाटत?"

"त्याला खाली वाटते," नोरिंग म्हणाली. "खाली माणसं असतात ना. आणि याला कुणाला नाही म्हणता येत नाही."

चाळिशी उलटली आणि देन्स्योला पोट आलं. आलं म्हणजे पाहुण्यासारखं आलं आणि राहिलंच. माडाला कवेत घेऊन चढायचं तर मध्ये पोट, नवराबायकोच्या बोलण्यात सासू येऊन बसावी तसं. त्याच्या पावलाखाली साकव आधी कुरकुरू लागले, मग वाकू लागले. बांबू जुने झालेत, असं देन्स्यो म्हणाला. म्हणून बांबू बदलले. नवे बांबूही जुनेच निघाले.

मावशीचं घर उतरणीच्या वरच्या अंगाला आहे, त्यामुळे खालच्या माडांचे शेंडे नेमके तिच्या सज्ज्यासमोर येतात. सज्ज्याच्या खांबापासून समोरच्या माडापर्यंत तिने कप्पीवर कपड्यांची दोरी ओढली आहे, आणि त्या दोरीला अगदी लगटून, जरा वरून देन्स्योचा एक साकव जातो. जानेवारीतला तीन राजांचा सण नुकताच होऊन गेला होता. सणातलं सगळं खाणं अंगावर वागवत देन्स्यो त्या साकवावर आला, मधोमध पोचला, आणि बांबू असा दोरीच्याही खाली गेला की त्याचं बूड थेट दोरीवर टेकलं. दोरीवर मावशीचा चर्चला घालायचा पांढरा झगा होता.

पुढे जावं तर चढ, मागे जावं तर चढ. दोन पावलं वर सरकायचा आणि घसरून पुन्हा झग्यावर येऊन बसायचा.

"देन्स्यो, माझ्या झग्यावरून ऊठ!" मावशी सज्ज्यातून ओरडली.

"उठतोच आहे, मावशी!"

"उठतोयस कुठं? मघापासून बसतोयस!"

वाडीतली माणसं हातातली कामं टाकून अंगणात जमली. नोरिंगचा धाकटा भाऊ तेम्योंग भट्टीवर काम करायचा, तो लाकडं टाकून धावत आला. हा तेम्योंग उभा केलेल्या बांबूसारखा सडसडीत. "दाजी, श्वास सोडा!" तो हात हलवत म्हणाला. "आतली हवा गेली की हलके व्हाल!"

"ती हवा नव्हे रे," शेजारी उभा असलेला आम्ब्रोस्यो शांतपणे म्हणाला. "ते डुक्कर आहे. सणाचं."

आम्ब्रोस्यो चर्चची घंटा वाजवायचा. शेवटी त्यानेच घंटेचा जुना दोर आणून देन्स्योकडे फेकला आणि चिखलात रुतलेली म्हैस ओढावी तसं सगळ्यांनी मिळून देन्स्योला सज्ज्यात ओढून घेतलं. येताना तो झगाही बरोबर आला.

मावशीने झगा उलटसुलट करून पाहिला, मग देन्स्योला उलटसुलट करून पाहिलं.

"सान इसिद्रोच्या सणापर्यंत मुदत देते," ती म्हणाली. "मे महिना म्हणजे चिक्कार वेळ झाला. सणाच्या दिवशी सगळ्यांसमोर हाच साकव ओलांडायचा. बूड दोरीला लागलं तर तू कायमचा खाली, भट्टीवर. माडांवर तेम्योंग चढेल. मला माझ्या बागेत कुणाची हाडं गोळा करायची नाहीत."

"मावशी, दोरी थोडी खाली बांधली तर?"

"माड माझे, दोरी माझी, झगा माझा. तुझं इथं काय आहे? पोट. ते आवर."

भट्टीवर काम म्हणजे दिवसभर धूर, आणि त्याहून वाईट म्हणजे दिवसभर माणसं. देन्स्यो जरा हे धर, देन्स्यो जरा ते उचल, देन्स्यो तू आहेस म्हणून सांगतो. त्या दिवशी दुपारच्या फेरीला देन्स्यो गायला नाही. खालच्यांना चुकल्यासारखं झालं, मावशीच्या कोंबड्यांनासुद्धा.

संध्याकाळच्या बैठकीत मात्र या विषयावर भरपूर चर्चा झाली. दुसरी फेरी संपवून सगळे खाली उतरले की भट्टीमागच्या आंब्याखाली बैठक बसते. फेरीआधी मात्र कुणी थेंब घेत नाही, तिथे मावशीचा कायदा कडक. बैठकीला प्याला एकच. आम्ब्रोस्यो वाढपी. तो भरून हातात देणार, घेणाऱ्याने "घेतो हं!" म्हणायचं, बाकीच्यांनी "लाभो!" म्हणायचं, की एका दमात रिकामा करून प्याला परत. आपल्या वाट्याचा प्याला नाकारणं म्हणजे बैठकीच्या तोंडावर दार आपटणं. अगदीच जमणार नसेल तर शेजारच्याने तो झेलावा, म्हणजे त्याच्याऐवजी प्यावा, एवढी सवलत आहे.

"लांबानोगने वजन वाढत नाही," खोबऱ्याचा व्यापारी बिसोय म्हणाला. "नितळ पाणी आहे ते. त्यात अंगाला लागण्यासारखं आहे काय? पोट वाढतं बिअरने. बिअरचा फेस आत जाऊन बसतो."

"आणि माझ्याकडे बघा ना, दाजी," तेम्योंग म्हणाला. "रोज तुमच्या मांडीला मांडी लावून बसतो. आहे का अंगावर मांस? आम्ब्रोस्योकडे बघा. त्याला घंटेच्या दोराला लटकावं लागतं, तेव्हा कुठं घंटा हलते."

पुरावा समोर बसला होता. बैठकीतला एकूण एक माणूस काटकुळा. त्यामुळे एकमताने ठरलं की दोष भाताचा. तेवढ्यात प्याला तेम्योंगपाशी आला. त्याने छातीवर हात ठेवून तोंड कसनुसं केलं. "दाजी, आज फार जळजळतंय हो. झेलता का?"

"आण इकडे," देन्स्यो म्हणाला. "घेतो हं!"

"लाभो!"

दुसऱ्या दिवसापासून देन्स्योने भात सोडला. नोरिंग ताट वाढायची आणि तो ते जड मनाने सरकवायचा. मासळीचा रस्सा नुसता प्यायचा, आणि दुपारभर माडांवर पोटाचा आवाज यायचा, तो खालपर्यंत ऐकू येई. लेंट आला, उपासाचे दिवस आले, फादरनी प्रवचनात संयमावर बोलताना दोनदा देन्स्योकडे कौतुकाने पाहिलं. मग एका सकाळी तो छाती पुढे काढून बिसोयच्या दुकानी गेला आणि खोबऱ्याच्या काट्यावर चढला.

बिसोयने वजनं घातली. मग आणखी एक घातलं. मग चष्मा पुसला.

"किती उतरलं?" देन्स्योने विचारलं.

"उतरलं नाही. चढलंय."

"काटा बिघडलाय तुझा."

"माझा काटा बिघडला तर माझ्या बाजूने बिघडतो, तुझ्या नाही," बिसोय दुखावून म्हणाला. "खोबरं ओलं असलं की ओलीचं वजन मी कापून घेतो. तुझ्यातली ओल कापली तर फक्त टोपी उरेल."

देन्स्यो घरी येऊन पायरीवर बसला. "भात नाही, काही नाही, तरी वाढतंय," तो म्हणाला. "नोरिंग, मला कुणाची तरी नजर लागलीय."

नोरिंगला घाईने बोलायची सवयच नव्हती. संध्याकाळी तिने शेंगा सोलायला घेतल्या आणि आंब्याच्या बाजूच्या खिडकीत जाऊन बसली. शेंगा सोलून झाल्या तरी बसून राहिली. मग देन्स्यो डुलत घरी आला.

"आज किती घेतलेस?" तिने विचारलं.

"दोन. फार तर तीन."

"मी खिडकीतून बघत होते."

"मग दिसलंच असेल तुला."

"मला दिसलं की प्याला तुझ्या तोंडाला सारखा होता."

"हां, ते माझे नव्हते ना! एक आम्ब्रोस्योचा होता, त्याला घंटा वाजवायला जायचं होतं. दोन बिसोयचे, त्याला सकाळी काट्यावर बसायचंय, हात थरथरून चालत नाही. आणि तेम्योंगचे. बिचाऱ्याला जळजळतं."

"तेम्योंगचे किती?"

देन्स्यो आठवू लागला. "तेम्योंगचे... सगळेच."

"आणि प्यालं कोण?"

"प्यालो मी. पण होते त्यांचे."

नोरिंग त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. नवरा थाप मारत असता तर सोपं होतं. हा अगदी मनापासून बोलत होता. आणि त्याचं तरी काय चुकलं? त्या मुलखात झेललेला प्याला कुणी झेलणाऱ्याच्या नावावर धरतच नाही. आम्ब्रोस्योसुद्धा घरी जाऊन बायकोला सांगणार की आज मी एवढे घेतले, आणि त्यात देन्स्योने झेललेलाही ऐटीत धरणार.

"बरं, मला एक सांग," ती म्हणाली. "आम्ब्रोस्योचा प्याला आम्ब्रोस्योच्या पोटात गेला?"

"नाही."

"मग त्याची जी काही चरबी व्हायची, ती कुणाच्या पोटावर होणार?"

देन्स्योने मान खाली घालून पोटाकडे पाहिलं. मग त्याने त्यावर अलगद बोट ठेवलं. "म्हणजे यात तेम्योंग आहे?"

"तेम्योंग आहे, आम्ब्रोस्यो आहे, बिसोय आहे. सगळी बैठक कडेवर घेऊन तू साकवावरून जातोस."

"आणि म्हणून ते बारीक!"

"म्हणून ते बारीक."

"पण नोरिंग," देन्स्यो हट्टाने म्हणाला, "लांबानोग म्हणजे तर पाणी. अंगाला लागण्यासारखं त्यात काहीच नसतं."

म्हणून सकाळची फेरी झाल्यावर नोरिंगने त्याला आरोग्य केंद्रात नेलं. तिथली नर्स सोलेदाद लहान मुलांना लस टोचत होती. तिने देन्स्योची सगळी कहाणी ऐकली, आणि ऐकताना एक रडणारं मूलही गप्प झालं.

"दारूत भात दिसत नाही, तेल दिसत नाही," सोलेदाद म्हणाली, "पण शरीराला ती तेलाच्या खालोखाल जड पडते. आणि हिचा मान मोठा. ही आत आली की शरीर हातातली बाकीची कामं टाकून आधी हिच्याच मागे लागतं. तोवर तू खाल्लेलं बाजूला ठेवून देतं. कुठं ठेवतं?" तिने पेनाचं टोक त्याच्या पोटात रुतवलं. "इथं. चकण्याला काय असतं तुमच्याकडे?"

"डुकराची तळलेली कातडी. भाजलेले कान. शेंगदाणे."

"भात सोडल्यापासून चकणा जास्त खातोस?"

देन्स्योने नोरिंगकडे पाहिलं. नोरिंगने छताकडे पाहिलं.

"थोडासा," तो म्हणाला.

"परातभर," नोरिंग छताला म्हणाली.

"भुकेल्या पोटी प्यायची, तिने भूक आणखी चाळवायची, मग डुकरावर तुटून पडायचं," सोलेदाद म्हणाली. "भाताने बिचाऱ्याने तुझं काय घोडं मारलं होतं? भात खा. प्याला कमी कर. चल, आता बाजूला हो, या बाळाचा नंबर आहे."

हे ऐकायला सोपं होतं. पण प्याला कमी करायचा म्हणजे झेलणं बंद करायचं, आणि झेलणं बंद करायचं म्हणजे "नाही" म्हणायचं. हा शब्द देन्स्योच्या तोंडातून कधी निघालाच नव्हता. स्वतःच्या लग्नातसुद्धा फादरनी विचारायच्या आधी तो "हो" म्हणून बसला होता.

"आपल्या वाट्याचा घे, तो नाकारू नकोस," नोरिंगने त्याला समजावलं. "पण झेलणं ही मेहेरबानी आहे. ती केली नाही म्हणून कुणाचा अपमान होत नाही."

"पण तेम्योंग तोंड पाडतो."

"तोंड त्याचं आहे. पडू दे."

देन्स्यो सराव करू लागला. खाली कुणापुढे करायची लाज वाटे, म्हणून माडावर. दुपारच्या फेरीला शेंड्यावर बसून तो समुद्राकडे तोंड करायचा आणि मोठ्याने म्हणायचा, "नाही!"

खालून मावशी ओरडायची, "काय नाही?"

"काही नाही!"

"मग ओरडतोस कशाला?"

दोनचार दिवसांत सगळ्या बागेत घबराट पसरली. माडी आटली, अशी कुणीतरी बातमी उठवली. भट्टीवरून तेम्योंग हाक मारायचा, "दाजी, काय नाही ते तरी सांगा!" आणि वरून गाण्यात मिसळून उत्तर यायचं, "नाही, नाही, नाही!" चाल जुनीच होती, प्रेमगीताची.

मग एका संध्याकाळी बैठकीत प्याला तेम्योंगपाशी आला. त्याने सवयीने छातीवर हात ठेवला. "दाजी, जळजळ..."

देन्स्योच्या कपाळावर घाम आला. त्याने आंब्याकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं, खिडकीत शेंगा सोलत बसलेल्या नोरिंगकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि साकवावरचं पाऊल टाकावं तसा तो शब्द टाकला.

"नाही."

आम्ब्रोस्योच्या हातून चकण्याची बशी कलंडली.

"काय म्हणालात?" तेम्योंगने विचारलं.

"नाही म्हणालो," देन्स्यो म्हणाला, आणि त्याला स्वतःलाच इतकं नवल वाटलं की तो हसायला लागला. "नाही रे, तेम्योंग! नाही!"

तेम्योंगने आम्ब्रोस्योकडे पाहिलं. आम्ब्रोस्यो चकणा गोळा करण्यात गुंतला. बिसोयला दूरवर काहीतरी दिसलं. शेवटी तेम्योंगने एखाद्या लहान मुलाने कडू औषध घ्यावं तसा तो प्याला उचलला. "घेतो हं," तो रडवेल्या आवाजात म्हणाला. "लाभो!" सगळ्यात मोठ्याने देन्स्यो म्हणाला.

त्यानंतर बैठकीचं तंत्रच बदललं. ज्याचा प्याला त्याच्याच पोटात जायला लागल्यावर प्याल्याचा वेग आपोआप कमी झाला. बिसोय म्हणू लागला, आज निम्माच भर. आम्ब्रोस्योची संध्याकाळची घंटा एकदा वाजायची त्या जागी दोनदा वाजली आणि लोकांनी दोनदा हात जोडले. देन्स्यो घरी येऊन भात खाई, वाटीभर, आणि चकण्याची परात आता तेम्योंगसमोर असे. देन्स्योने ती स्वतःच हळूच तिकडे सरकवली होती, हे फक्त नोरिंगने पाहिलं.

वजन काही धो धो उतरलं नाही. पँट आधी जरा सैल झाली, मग नोरिंगने तिला दोरी घातली. सण जवळ आला तशी देन्स्योची झोप उडाली. रात्री कूस बदलताना बांबूचा पलंग कुरकुरला की तो दचकून विचारी, "वाकला का गं?"

सान इसिद्रोच्या दिवशी घराघरांवर भाताच्या लोंब्या आणि भाज्यांची तोरणं लागली होती. मिरवणूक येऊन गेली, केळीच्या पानात गुंडाळलेले चिकट भाताचे उंडे खिडक्याखिडक्यांतून फेकून झाले, आणि ज्यांनी ते झेलले ते सगळे ते खात खात मावशीच्या अंगणात आले. मावशीने दोरीवर मुद्दाम तोच पांढरा झगा टाकला होता.

"धुतलाय," ती नोरिंगला म्हणाली. "एकदा धुतलाय. पुन्हा धुणार नाही."

देन्स्यो माडावर चढला, छातीवर क्रूस केला आणि साकवावर पाऊल ठेवलं. बांबू कुरकुरला. अंगणातली माणसं खाली वाकली, कारण सगळ्यांना देन्स्योच्या बुडाखालचं बघायचं होतं. तो मधोमध पोचला आणि बांबू वाकला, आणखी वाकला, आणि थांबला.

"टेकलं!" तेम्योंग ओरडला.

"नाही टेकलं!" नोरिंग त्याच्याहून मोठ्याने ओरडली.

"हलू नकोस, देन्स्यो," मावशीने फर्मावलं. तिने कपडे वाळत घालायची काठी उचलली, सज्ज्यातून वाकून पुढे केली, आणि झगा नि देन्स्योचं बूड यांच्या मधून हळूहळू घालू लागली. कुणी घास गिळला नाही. काठी एका बाजूने आत गेली आणि दुसऱ्या बाजूने बाहेर आली.

"गेली," मावशी म्हणाली. "आंगठ्याएवढी फट आहे. माड तुझे."

अंगणात एकच आरडाओरडा झाला. आम्ब्रोस्योने लगेच प्याला भरला, कुणीतरी तो टोपलीत ठेवला, टोपली दोरीला अडकवली, आणि बिसोयने कप्पी फिरवली. झग्याला मागे सारत टोपली डुचमळत देन्स्योकडे निघाली.

"तुझ्या नावाचा पहिला!" आम्ब्रोस्यो ओरडला. "घे!"

"माझी दुपारची फेरी राहिलीय," देन्स्यो वरून म्हणाला. "फेरीआधी मी घेत नाही."

"मग याचं काय करायचं?"

"तेम्योंगला द्या. माझ्या वतीने झेलेल."

तेम्योंगने दोन्ही हात पोटावर ठेवले. तिथे आता हात ठेवण्याजोगं पोट होतं, आणि शर्टाचं एक बटण मिरवणुकीतच कुठेतरी गेलं होतं. "दाजी, माझ्याने नाही हो..."

पण देन्स्यो तोवर पुढच्या माडावर पोचला होता. खाली प्याल्यावरून वाद जुंपला, बिसोयने कप्पी उलटी फिरवली, मावशी झग्याच्या नावाने ओरडली. देन्स्योने पोय छिलली, नळकांडं उतरवून घेतलं, आणि त्याच फाटक्या आवाजात गायला लागला. या वेळी गाण्यात नुसतं "नाही" नव्हतं, सगळे शब्द होते.